मोरीमागचे टोमॅटो

७ एप्रिल

सूनबाई,

सवयीनं हात 'चि. सौ.' लिहून मोकळा झाला. मग 'सौ.' खोडलं. खोडलेलं तुझ्या नजरेला पडायला नको म्हणून कागदच बदलला. तेव्हा हा दुसरा कागद. पहिल्याची पुडी करून तिच्यात टाचण्या ठेवल्यात, वाया काही गेलं नाही.

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही. तू फोन उचलत नाहीस त्याबद्दल माझी तक्रार नाही. उचलला असतास तर मी 'जेवलीस का' एवढं विचारलं असतं आणि फोन हिच्या हातात दिला असता, आणि हिनं तो घेतला नसता.

लिहायचं कारण असं की मोरी तुंबली. काठी घेऊन मागच्या दारानं बाहेर गेलो. गेल्या वर्षापासून त्या बाजूला कोणी फिरकलेलं नाही. पूर्वी तुझ्या सासूबाई दर आठवड्याला तिथं पावडर टाकून दगड पांढरे होईतो घासायच्या. तू हसायचीस, म्हणायचीस, आई, इथं काय ऑपरेशन करायचंय का? तर ते घासणं बंद झालंय. नळी जिथं बाहेर निघते तिथं हिरवं दिसलं. म्हटलं गवत असेल. उपटायला वाकलो, पानाला हात लागला आणि बोटांना वास आला.

तो वास मला न ओळखायला काय झालं? पोरगं गोदामातून आलं की आधी आपल्या झाडांत शिरायचं आणि त्याच हातांनी येऊन माझ्या मशीनवरचं कापड चाचपायचं. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर हिरवी बोटं. मी शिव्या घालायचो, तो म्हणायचा, बाबा, वास तर घेऊन बघा.

टोमॅटोची रोपं आहेत. ब्रशाच्या केसांसारखी दाट उगवलीत.

तू जाताना हिला जे म्हणालीस ते मी कापायच्या टेबलापाशी उभा राहून ऐकलं होतं. 'त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं, तेही तुम्ही धुऊन टाकलंत.' मी मध्ये पडलो नाही. पडून काय बोलणार होतो? तुझं खरं होतं. वर्षानुवर्षं तो सगळ्यात चांगल्या झाडाचं सगळ्यात चांगलं फळ निवडून बी धरायचा, जुनं बी मागे ठेवायचा नाही, म्हणजे जे होतं ते त्या वाटीत होतं. आणि हिचंही खोटं नव्हतं. ते बी तसं पाण्यात कुजवावं लागतं हे हिला कुठं ठाऊक? दरवर्षी तो ते गच्चीवर करायचा, हिला वास जायला नको म्हणून. गेल्या वर्षी गच्चीवर डांबराचं काम निघालं आणि वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या फाटकात तो ट्रक मागे आला.

घर माणसांनी भरलेलं आणि खिडकीत बुरशी धरलेलं काहीतरी नासकं. सगळी नोकरी इस्पितळात हत्यारं उकळण्यात गेलेली बाई ती. तिनं ते ओतलं, वाटी उकळली आणि पालथी घातली. कुठं ओतलं हे त्या गडबडीत कोणी विचारलंच नाही. मोरीत ओतलं होतं.

हिला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगतोय.

रोपं किती अंतरावर लावायची? त्याच्याबरोबर तूच लावायचीस, तुला माहीत असेल. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

इकडे सगळं ठीक. माझं काम चालू आहे, मशीन चालू आहे.

मास्तर

('बाबा' लिहिणार होतो. मग म्हटलं ते तू ठरव.)


४ मे

सूनबाई,

उत्तर आलं नाही. टपालवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, लिहिणारा लिहील तेव्हा मी आणणार ना? मी काय घरी बसून लिहू?" बरोबर आहे त्याचं.

तेव्हा बेकरीवाल्याला विचारलं. त्याचा सासरा शेती करायचा, म्हणून हा त्यातला तज्ज्ञ. उकिडवा बसून रोपं बघितली आणि म्हणाला, "मास्तर, निम्म्याहून जास्त उपटून फेका. उरतील त्यांच्या बगलेत फुटवे येतील, ते खुडायचे. दया दाखवलीत तर नुसता पाला येईल."

सल्ला चांगलाच होता. पण मी पडलो शिंपी. माप घ्यायचं, पुन्हा एकदा घ्यायचं, आणि मनात शंका असली तर कात्री खाली ठेवायची, हे मला माझ्या उस्तादानं कान पिरगाळून शिकवलंय. कुठलं रोप त्याचं चांगलं आणि कुठलं नुसतं आलेलं, हे मला कसं कळणार? आणि चुकून नेमकं तेच उपटलं तर? मी एकही टाकलं नाही. सगळी लावली. मागचं अंगण भरलं, मग बेकरीवाल्याकडून तेलाचे रिकामे डबे आणले, ते भरले. फुटकी बादली, गळका टब, तुमची जुनी पाण्याची टाकी अर्धी कापून घेतली ती. बेकरीवाला येऊन बघून गेला. कपाळावर हात मारला आणि गेला.

या सगळ्यात हिला कळायचं राहील थोडंच? मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"हे काय मांडलंय?"

"टोमॅटो."

"कुठनं आणलेत?"

"आणले नाहीत. आले."

तिनं रोपांकडे बघितलं, मग नळीकडे. मग म्हणाली, "मोरीतून?"

"मोरीतून."

आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. मी माती लोटत राहिलो, दुसरं काय करणार? मग परत बाहेर आली. हातात इस्पितळातून निवृत्तीच्या वेळी आणलेले ते पांढरे एनॅमलचे ट्रे होते, ज्यांना ती कोणाला हात लावू देत नाही. "यात बसतील का?" एवढंच विचारलं. उथळ होते, बसली नसती. मी म्हटलं बसतील.

रडली वगैरे नाही. मीही नाही. लोक सांगत होते, रडून घ्या, मोकळं वाटेल. आम्ही दोघं रडू येण्याची वाट बघून थांबलो. लोक गेले, आम्ही तसेच राहिलो.

तू लिहीत नाहीस तरी मी लिहीन. न वाचता ठेवलंस तरी हरकत नाही.

मास्तर


१९ जून

सूनबाई,

फळं धरली आहेत. हिरवी आहेत अजून, पण देठाजवळ तशाच चुण्या. आत इलॅस्टिक ओवल्यासारख्या. म्हणजे त्याचेच आहेत, शंका नको. इतका बेढब टोमॅटो बाजारात कोणी ठेवणार नाही. मी त्याला नेहमी म्हणायचो, अरे, याला इस्त्री तरी कर.

हिनं पहिलं फळ बघितलं तेव्हा मी बाजूलाच होतो. दोन बोटांनी चुण्यांवरून हात फिरवला. मग ओंजळीत धरून बसली, तोडलं नाही. म्हणाली, "तिला कळवलंत?"

मी म्हटलं, "लिहितो अधूनमधून."

"काय म्हणते?"

"कामात असेल. औषधांचं दुकान, दिवसभर उभं राहायचं."

"हं," म्हणाली. तुझ्याविषयी याहून जास्त आमच्यात बोलणं होत नाही. पण हे एवढंही आधी होत नव्हतं.

फुटवे खुडले नाहीत, त्यामुळे जंगल झालंय. प्रत्येक फांदीला टेकू लागतो आणि बांधायला चिंध्या लागतात. दोरीनं खोड कापतं, चिंधी मऊ. दुकानातली चिंध्यांची पोती होती ती उपसतोय. कोणाच्या परकराचा काठ, शाळेच्या गणवेशाचं खाकी, बँडवाल्यांच्या लाल कोटाचं अस्तर. अंगण बघितलंस तर म्हणशील सर्कस उतरली.

आता एक गोष्ट. पहिल्या पत्रात मशीन चालू आहे असं लिहिलं होतं. मशीन चालू असते हे खरं. मी बसतो आणि पाय मारतो. पण पट्टा काढून ठेवलाय. खालचं चाक फिरतं, वरची सुई जागची हलत नाही. हिला आत आवाज ऐकू यावा म्हणून बसतो. आवाज बंद झाला तर ती येऊन विचारेल काय झालं, आणि मला सांगता येणार नाही. गिऱ्हाइकं एकेक करून आपापली कापडं न शिवताच घेऊन गेली. वाईट वाटायला हवं होतं, मी वाट बघितली, पण काही वाटलं नाही. मला हल्ली काही वाटत नाही सूनबाई. तुझ्याकडे कसं आहे?

फडताळात एकच कापड आहे. निळ्या चौकड्यांचं. तू पसंत केलेलं, त्याच्या शर्टाचं. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, खिसा, सगळं त्याच्या मापानं कापून टाचण्या लावून ठेवलं होतं, फक्त जोडायचं राहिलं. आहे तसं आहे. मी तिकडचं दार उघडत नाही.

मास्तर


२७ जुलै

सूनबाई,

आधी पिकता पिकेनात आणि आता आवरता आवरेनात. रोज सकाळी टोपल्याच्या टोपल्या. तेलाच्या डब्यातली झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलीत. उथळ ट्रेमधली जगणार नाहीत असं मला वाटलं होतं, तर त्यांनाच सगळ्यात आधी लागले. नुसता पाला येईल म्हणणारा बेकरीवाला रोज येऊन मान हलवतो. एक फळ वजनाच्या काट्यावर टाकून बघितलं त्यानं, पावाहून जड भरलं.

पण आता तोही टेकीला आलाय. परवा मला बघून काउंटरमागे हात जोडले. "मास्तर, पाया पडतो, आज नको. बायको म्हणते भट्टी बंद करून टोमॅटोचं दुकान घाल." शाळेतल्या बाईंनी दोन वेळा दार उघडून 'अय्या, कित्ती छान' केलं. तिसऱ्या वेळी आम्ही जिना चढतोय हे ऐकून आतला रेडिओ बंद केला आणि श्वास रोखून बसल्या. टोपली दारात ठेवून आलो. टपालवाला आता आपल्या गल्लीत सायकलवरून उतरतच नाही, पत्रं लांबूनच फेकतो.

शेजारीपाजारी मिटक्या मारत खातात. मी ऐकतो. भिंतीपलीकडून कोणीतरी म्हणतं, काय गोड आहे हो, साखर लावल्यासारखा. कोणी म्हणतं, अशी चव लहानपणी खाल्ली होती. मी मान डोलावतो. मला विचारलंस तर मला माहीत नाही. आम्ही खाल्ला नाही.

हे हसण्यावारी नेऊ नकोस, म्हणून नीट सांगतो. ही उजाडायच्या आत उठून तोडते, एकेक फळ धुते, पुसते, टोपल्यांत रचते आणि ऊन चढायच्या आत सगळं घराबाहेर. एकसुद्धा मागे राहत नाही. चिरलेलं, डागाळलेलं, तेही जातं. मी एकदा म्हटलं, "एखादा ठेव की घरात."

"कशाला?"

"खायला."

"तुम्हाला हवाय?"

नको होता. खोटं कशाला बोलू? जेवतो मी वेळेवर, पण तोंडात अस्तराचं कापड चावल्यासारखं लागतं. म्हटलं नको. तिनं टोपली उचलली.

तिला कळतंय की नाही मला ठाऊक नाही, पण मला कळतंय. अशीच सगळी वाटून झाली की झाडं संपतील, आणि ह्या वेळी मोरीतून परत येतील याची खात्री कोण देणार? बी धरायला हवं. बी धर म्हणून तिला सांगायला तोंड उघडतो आणि ती वाटी डोळ्यांपुढे येते. मग 'चहा टाकतेस का' म्हणतो. दिवसातून किती वेळा चहा होतोय आमच्याकडे, विचारू नकोस.

आणि मलाही ते येत नाही. त्याला येत होतं आणि तुला येतं, तिसरं कोणी नाही. किती पाणी, किती दिवस, कधी धुवायचं? आमच्याशी बोलू नकोस हवं तर. बियांपुरतं लिही.

मास्तर


१२ ऑगस्ट

सूनबाई,

कार्ड मिळालं. टपालवाल्यानं ह्या वेळी फेकलं नाही, सायकल लावून आत आणून दिलं. वर मायना नाही, खाली सही नाही, तरी अक्षर ओळखलं. औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं लिहिलं आहेस. सगळ्यात चांगल्या झाडावरचं, झाडावरच पूर्ण पिकलेलं. गर बियांसकट वाटीत, थोडं पाणी. वर साय धरून वास सुटेपर्यंत हात लावायचा नाही. मग धुवायचं, तळाला बसेल ते खरं बी. कागदावर वाळवायचं नाही, चिकटतं. सगळं समजलं.

शेवटची ओळ पण वाचली. 'आईंना सांगू नका, परत फेकतील.'

मी कार्ड मशीनच्या खणात ठेवलं होतं. पण ही खण पुसायला काढते, तुला माहीत आहे. संध्याकाळी बघतो तर कार्ड तिथंच, फक्त सरळ करून ठेवलेलं. तिनं वाचलं. त्या दिवशी भांडी दोनदा उकळली.

तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. पण तू लिहिलंस आणि तिनं वाचलं, हे तुला माहीत असावं.

आता दुसरं, जे सांगायला हा कागद घेतला. परवा दुपारी वारा सुटला. वळचणीचा पत्रा उडाला एवढा. अंगणात गेलो तर झाडं फळांच्या ओझ्यानं कलती झालेली, टेकू आडवे, फांद्या चिरायला लागलेल्या. चिंध्यांची पोती केव्हाच संपली होती. जुनी चादर फाडली, माझं धोतर फाडलं, पडद्याचं अस्तर उसवलं. तरी तो कोपरा राहिला, मोरीमागचा, जिथं ती पहिल्यांदा उगवली. तिथलं सगळ्यात जुनं झाड खाली बसायला लागलं होतं. ही दोन्ही हातांनी त्याला धरून उभी होती. केस सुटलेले, तोंडावर माती. ओरडली, "अहो, बघताय काय? काहीतरी आणा!"

मी आत गेलो आणि फडताळ उघडलं.

तुला विचारायला हवं होतं. कापड तुझ्या पसंतीचं होतं. टाचण्या काढल्या, पाठीचा भाग टेबलावर पसरला. माप घेतलं नाही. कात्री घातली ती सरळ खालपर्यंत. लांब पट्ट्या काढल्या, मग पुढचे भाग, मग बाह्या. मला वाटलं होतं, ते कापड कापताना तरी आत काहीतरी तुटेल. काही झालं नाही. बाहेर गेलो आणि बांधत सुटलो. ही धरायची, मी गाठ मारायचो. सगळं उभं राहिलं.

वारा पडल्यावर पायरीवर येऊन बघितलं. तो सगळा कोपरा निळ्या चौकड्यांचा झाला होता. झाड सरळ उभं होतं, जवळजवळ त्याच्याच उंचीचं, कमरेला पट्टी, खांद्याला पट्टी. पायरीवर बसलो तो उठताच येईना. किती वेळ बसलो माहीत नाही. आवाज करून रडलो सूनबाई. बेकरीवाला भिंतीवरून डोकावला आणि खाली उतरला.

ही शेजारी येऊन बसली. मला हात लावला नाही. बघत राहिली त्या पट्ट्यांकडे आणि म्हणाली, "कापड बरं आहे. रंग जाणार नाही." मग म्हणाली, "मशीनचा पट्टा लावा आता. नुसता पाय मारून गुडघे दुखतात तुमचे, मला कळत नाही होय?"

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि मी इकडे महिनोन्महिने नाटक वठवत बसलो होतो.

शर्टातला खिसा तेवढा उरलाय. तो कापला नाही.

बाबा


५ सप्टेंबर

सूनबाई,

तुझं दुसरं कार्ड काल मिळालं. 'रविवारी येते. बी मी धुईन.' बसस्टँडवर मी येईन. टपालानं हे पत्र वेळेत पोचायचं नाही म्हणून बेकरीवाल्याच्या टेम्पोवाल्याकडे देतोय, तो उद्या तुमच्याकडे माल टाकायला येतो. त्याच्यापुढे टोमॅटोचं नाव काढू नकोस म्हणजे झालं, त्याच्या घरी पण आम्ही पोचवलेत.

बी टाकलंय. कसं टाकलं ते सांगतो, कारण मी नाही टाकलं.

परवा सकाळी हिच्या टोपल्या भरल्या नाहीत. बाहेर जाऊन बघतो तर मोरीमागच्या त्या झाडासमोर स्टूल टाकून बसलेली. चष्मा लावून. एकेक फळ वळवून बघत होती, इस्पितळात हत्याराला काही चिकटून राहिलं नाही ना ते बघायची, तशी. मला बघून म्हणाली, "हे की ते?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मला सगळे सारखेच बेढब दिसतात."

"तो कसा निवडायचा?"

आम्हाला दोघांनाही आठवेना. एवढी वर्षं एका घरात राहून आम्ही कधी बघितलंच नाही. मग ती म्हणाली, "मोठं नको. मोठं कोणीही घेईल." चुण्या सगळ्यात जास्त होत्या ते निवडलं तिनं. बरोबर की चूक, ते तू आल्यावर सांग. चूक असेल तर झाडावर अजून आहेत.

घरात आणलं. वर्षभरात घरात राहिलेला हा पहिला टोमॅटो. ओट्यावर ठेवून दोघं त्याच्याकडे बघत बसलो. मग तिनं सुरी घेतली, मधोमध कापला, चमच्यानं गर बियांसकट काढला. वाटी घेतली. तीच वाटी. वेगळी घे म्हणालो तर म्हणाली, "ही स्वच्छ आहे." पाणी घातलं, खिडकीत ठेवली. गेल्या वर्षी होती तिथंच, याच सुमाराला.

टोमॅटोच्या दोन वाट्या राहिल्या, पोकळ. फेकायच्या कशा? तिनं मीठ घेतलं, एक माझ्यासमोर सरकवली. आम्ही उभ्याउभ्याच खाल्ल्या. लोक सांगतात ती साखर वगैरे मला कळली नाही. आंबट लागलं. पण लागलं. जिभेला कळलं आंबट आहे म्हणून. हिच्याकडे बघितलं, तिच्या हनुवटीवरून रस ओघळत होता आणि ती पुसत नव्हती. मी म्हटलं, "आणखी एक कापू?" ती हो म्हणाली. आज सकाळी पण खाल्ला. टोपल्या आता थोड्या रिकाम्या जातात, गल्लीला दम मिळालाय.

कालपासून वाटीवर साय धरली आहे आणि वास सुटलाय. चांगलाच सुटलाय. बेकरीवाला आत आला, नाकाला हात लावला आणि म्हणाला, "वहिनी, काहीतरी मेलंय वाटतं, उंदीर बघा कुठं." ती अशी फिरली त्याच्यावर! "उंदीर तुमच्या बेकरीत असतील. इथं बी आहे. नाक धरायचं असेल तर बाहेर धरा." बिचारा पाव ठेवून पळाला. तिचा असा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता.

पण तिचं सोपं नाही चाललेलं. तुला खरं सांगतो. दर थोड्या वेळानं खिडकीपाशी जाते. हात पुढे जातो, मग मागे घेते आणि पदराला पुसते. आयुष्यभराचा हात आहे तो, त्याचं तरी काय चुकलं? मी म्हटलं, गच्चीवर ठेवू का, डांबर कधीच वाळलं. तर म्हणाली, "नको. इथंच राहू दे. ती येईल तेव्हा इथं दिसली पाहिजे." रात्रीची झाकपाक करताना सगळी भांडी उकळते आणि वाटीभोवतीचा ओटा पुसते. वाटी हलवत नाही, तिच्या कडेनं फडकं फिरवते.

मशीनला पट्टा लावलाय. चालते. तेल मागत होती, घातलं. शिवायला काही नाही, फक्त तो खिसा आहे. त्याला दुमड घालून वर झाकण शिवीन म्हणतो. धुवून वाळवलेलं बी त्यात ठेवता येईल, अर्धं तुला न्यायला आणि अर्धं इथं. तू बघ आणि सांग, मग शिवतो. न विचारता एकदा कापलंय, आता विचारून.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. राहायचं की परत जायचं हे कोणी विचारणार नाही. ही तर मुळीच नाही. तिला एकच भीती आहे. ती मला बोलली नाही, पण काल दारात उभी राहून, आत येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा काय जाणवेल ते हुंगून बघत होती. तेव्हा तुला आधीच सांगून ठेवतो.

दार उघडलं की घाण वास येईल. नाक धरू नकोस. तुझ्यासाठी ठेवलाय तिनं.

बाबा